जुन्या डीपी पिकअपला सीआरडीई इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स: बसेल का, आणि भरून घाट चढेल का?

मिठबावकर

मंडळी, महिंद्राची १९९१ ची डीपी पिकअप आहे, टू व्हील ड्राइव्ह. इंजिन एक्सडीपी ४.९०, म्हणजे २११२ सीसी. गिअर चार. मागच्या हाऊसिंगवर (मागच्या एक्सलच्या गिअरपेटीवर) ४३-८, म्हणजे आतल्या क्राऊन-पिनियनचे दात, कोरलेलं आहे, टायर ७.००-१५. इंजिन आता ऑइल खातं, सकाळी पांढरा धूर आणि चढाला काळा. पाटे (स्प्रिंगा) आणि बॉडी धड आहेत, पासिंग वेळच्या वेळी होतं.

काम ठरलेलं: मार्च ते मे आंबा, एरवी नारळ, खत, अधूनमधून चिरा (जांभा दगड). भरून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं असतं.

डोक्यात असं आहे की थार सीआरडीईचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल डिझेलचं, २४९८ सीसी, १०५ बीएचपीचं इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट टाकावं. इंजिन बसेल का, मागचं हाऊसिंग झेपवेल का, खाऱ्या हवेत वायरिंग टिकेल का, आणि कागदपत्रांचं काय? ज्यांनी ही कामं केलीत त्यांनी आकड्यांसकट सांगा.

स्पॅनर१९

बसतं. जागेचा प्रश्न नाही, प्रश्न पुढचे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन सुटं विकत घेऊ नका. एकाच गाडीचं सगळं उचला: इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, सेल्फ, न कापलेलं पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर आणि त्याची चावी, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल, इंटरकूलर, डिझेल फिल्टरचं भांडं, व्हॅक्यूम पंप. ईसीयू, इमोबिलायझर आणि चावी एकमेकांना ओळखतात. चावी भंगारात राहिली तर इंजिन सेल्फ मारूनही चालू होणार नाही आणि दोष शोधण्यात आठवडे जातील. पेडलमध्येही केबल नसते, दोन स्वतंत्र सेन्सर असतात. ईसीयू दोन्हींचे व्होल्टेज ताडून बघतो. दुसऱ्याच गाडीचं पेडल लावलं की इंजिन आयडलवरून हलत नाही.

बीएस ६ इंजिनाच्या मोहात पडू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाडीचं इंजिन म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर), त्याचे प्रेशर आणि तापमानाचे सेन्सर, आणि डॅशबोर्डपासून सगळ्यांशी बोलणारा ईसीयू. तेवढं सगळं जुन्या पिकअपमध्ये जिवंत ठेवणं होत नाही.

मालवणी_गजाल

पयली चेसी बघा, मगे इंजिनाची गजाल.

खारीहवा

वरच्या एका ओळीत अर्धा धागा आला. कोकणातल्या पिकअपची चेसी वरून रंगवलेली दिसते आणि आतून पोखरलेली असते. मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चेसीच्या मागच्या आडव्या मेंबरवर (तुळईवर) आणि पाट्यांच्या हँगरवर गळतं. लहान हातोडीने दर चार बोटांवर ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. पाट्याचा पुढचा हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर या तीन ठिकाणी गेला, तर इंजिनाचा खर्च तिथेच थांबवा.

पट्टी मारायची असेल तर चौकोनी तुकडा उभा वेल्ड करू नका. तुकड्याची टोकं तिरकी, शंकरपाळ्यासारखी कापा, म्हणजे वेल्डची रेघ चेसीला आडवी जात नाही. चेसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारला की भरल्या गाडीत तडा तिथूनच सुरू होतो.

कुडाळी_लेथ

फाउंडेशनबद्दल, म्हणजे इंजिन चेसीवर बसवायच्या आधारांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथे होते.

जुनं इंजिन काढण्याआधी चार मापं घ्या: फायरवॉल ते रेडिएटर, चेसीच्या दोन अंगांमधली आतली रुंदी, क्रँक पुलीच्या मध्यापासून चेसीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजपासून हाऊसिंगच्या फ्लँजपर्यंतची लांबी. शेवटचं माप गाडी चाकांवर उभी असताना आणि हौद्यात वजन ठेवून घ्या. जॅकवर घेतलेलं माप फसवतं.

नवीन इंजिन साखळीवर टांगून बसवताना तीन गोष्टी राखा. फॅन आणि रेडिएटरमध्ये निदान २५ मिमी. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि एक्सलमध्ये, पाटे पूर्ण दबले तरी अंतर उरलं पाहिजे. आणि इंजिनाचा उतार मागे साधारण ३ अंश. हा उतार आणि हाऊसिंगच्या पिनियनचा कोन यांत एका अंशाहून जास्त फरक नको, नाहीतर ताशी ६० च्या पुढे गाडीच्या तळातून घरघर येते आणि यूजे क्रॉस (शाफ्टचे सांधे) महिन्यात संपतात. फरक असेल तर पाट्याखाली पाचर घालून हाऊसिंग फिरवा, गिअरबॉक्स वर उचलून नव्हे.

ब्रॅकेट चेसीच्या उभ्या अंगाला बोल्टने लावा. चेसी बंद पेटीसारखी असेल तर भोकाच्या आत जाड नळीचा तुकडा घाला, दोन्ही भिंतींना पोचेल इतका लांब. नळी नसली की बोल्ट आवळताना पेटी चेपते, चेपली की बोल्ट सैल होतो, आणि मग कितीही आवळा, सैलच राहतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयूचे प्लग काढा. वेल्डिंगचं अर्थ (परतीची वायर) वेल्डच्या वितभर अंतरात लावा. ते लांब पुढच्या बंपरला लावून मागे वेल्ड मारला की करंट बेअरिंगांमधून वाट काढतो.

मिठबावकर

लेथ भाऊ, फार उपयोगी. फायरवॉल ते रेडिएटर उद्या मोजतो. इंजिन आणि बॉक्स वेगवेगळ्या गाड्यांचे असले तर मध्ये प्लेट बनवून चालेल का?

कुडाळी_लेथ

चालतं, पण टाळा. प्लेट बनवणं सोपं, मध्य गाठणं कठीण. क्रँकच्या मागे डायल गेज लावून बेलहाउसिंगचं (क्लचवरच्या कवचाचं) तोंड फिरवून बघावं लागतं. काटा ०.१५ मिमीच्या आत राहिला पाहिजे. त्याहून जास्त गेला तर गिअरबॉक्सची शाफ्ट वाकडीच फिरत राहते: आधी स्पिगॉट बेअरिंग (शाफ्टचं टोक धरणारं) ओरडतं, मग क्लचप्लेटचा हब फाटतो, शेवटी इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. सगळेजण क्लच बदलत बसतात आणि कारण प्लेटमध्ये असतं. कारखान्यातून जुळून आलेली जोडी घेतली की हा विषयच येत नाही.

फोंडाघाट

माझं मत वेगळं आहे. या कामाला १०५ बीएचपी नको. जड गाडी चढवायला बीएचपीपेक्षा कमी आरपीएमवरचा टॉर्क (फिरवायची ओढ) लागतो. बोलेरोचं एमटूडीआयसीआर इंजिन बघा: २५२३ सीसी, ६३ बीएचपीच्या घरात, पण १९५ न्यूटन मीटर आणि तेही १४०० ते २२०० आरपीएममध्ये. थार सीआरडीई २४७ देतं. तुमचं जुनं डीपी १२० च्या आसपास.

आता ४३-८ म्हणजे ५.३८. हिशेब करून बघू. ७.००-१५ टायर भरल्यावर एका फेऱ्यात साधारण २.२५ मीटर चालतो. ताशी ८० ला चाक मिनिटाला ५९३ फेरे घेतं. चौथ्या, म्हणजे डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन ३१८५ वर. बोलेरोच्या इंजिनाची कमाल ताकदच ३२०० ला आहे, म्हणजे गाडी ८० ला किंचाळणार. पाचवा गिअर ०.८ धरला तर २५५०. हाऊसिंगमध्ये ४.२७ ची जोडी टाकली, दात ४७-११, तर चौथ्यात २५३० आणि पाचव्यात २०३०.

आणि घाटात? ताशी २५, दुसरा गिअर, गुणोत्तर २.३ धरू. ५.३८ ला इंजिन २२९० वर, म्हणजे टॉर्कच्या पट्ट्याच्या बाहेर. ४.२७ ला १८२०, बरोब्बर मध्यात. म्हणून नवीन इंजिनाबरोबर क्राऊन-पिनियन बदलली नाही तर निम्मा फायदा वाया.

स्पॅनर१९

फोंडाघाट, हिशेब पक्का आहे. त्यात एक भर. हाऊसिंग झेपवेल का, हा मूळ प्रश्नातला भाग राहिला होता.

पहिला गिअर ४ धरा. जुन्या इंजिनावर चाकांना मिळायचे १२० गुणिले ४ गुणिले ५.३८, म्हणजे साधारण २५८० न्यूटन मीटर. थारचं इंजिन आणि तीच ५.३८ ठेवली तर ५३००. दुप्पट! चिऱ्यांनी भरलेली गाडी चढावर उभी करून क्लच सोडला की हाफ शाफ्ट पिळवटते किंवा पिनियनचा दात उडतो. बोलेरोचं इंजिन आणि ४.२७ केलं तर ३३३०. हे जुनं हाऊसिंग सोसतं, बेअरिंग आणि ऑइल सील नवे घालून. मात्र प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्स ते मागचं हाऊसिंग जोडणाऱ्या दांड्याला) हिशेबात ४.२७ चा फायदा मिळत नाही, तिच्यावर ४८० ऐवजी ७८० येतात. म्हणून यूजे क्रॉस मोठ्या मापाचे घ्या.

नवा बॉक्स लांब असतो, शाफ्ट कापून आखूड करावी लागते. कापली की बॅलन्स करून घ्याच, आणि दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवा. गाडी भरल्यावर सरकत्या जोडात २५ ते ३० मिमी आत जायला जागा हवी, नाहीतर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीवर घण घालते.

वाचनमात्र

एक शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुनं इंजिन बोअर करून नवीन पिस्टन-रिंग टाकणं बरं नाही का?

फोंडाघाट

बरं आहे, जर गाडी गावातच फिरणार असेल तर. पण ते इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं. डिझेल आधी इंजिनाच्या हेडमधल्या छोट्या खोलीत जळतं, तिथे उष्णता वाया जाते, त्यामुळे त्याच कामाला डायरेक्ट इंजेक्शनपेक्षा डिझेल १० ते १५ टक्के जास्त लागतं. आणि नवं केलं तरी १२० चे १२०च राहतात.

वायरमन

आता वायरिंग. खाऱ्या हवेत सीआरडीई बंद पडते ती बहुतेक वेळा इंजिनामुळे नाही, अर्थमुळे.

जुन्या डीपीमध्ये अर्थ कुठेही लागलं तरी चालायचं, कारण चालू इंजिनाला विजेची गरजच नव्हती. इथे क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल प्रेशर (डिझेलच्या दाबाचा), हवेचा सेन्सर सगळे व्होल्टच्या बारीक फरकावर बोलतात. चेसीवरचा गंजलेला अर्थ बोल्ट ०.५ व्होल्ट खातो आणि ईसीयूला वाटतं रेल प्रेशर कमी आहे. म्हणून ईसीयूचे अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. इंजिन ते चेसी आणि चेसी ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या वेगळ्या, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या. नागडं तांबं इथे दोन पावसाळ्यांत हिरवं होतं.

तपासणी ओहमवर करू नका. एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवतो. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. ०.६ दिसला की पट्टी काढा, जागा घासून चकचकीत करा, बसवून वर ग्रीस फासा. आधी घासणं, मग बसवणं, मग ग्रीस. उलट क्रमाने केलं की ग्रीसच इन्सुलेटर बनतं.

जोड सोल्डर करू नका. सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते. नीट क्रिंप करा, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी.

ईसीयू बॉनेटखाली नको. डॅशबोर्डच्या मागे उंचावर, प्लगचं तोंड खाली, आणि प्लगच्या आधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे आलेलं पाणी झोळाच्या तळाला टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर ज्यावर एकमेकांशी बोलतात त्या) दोन पिळलेल्या तारांमध्ये बॅटरी काढून ओहम मोजा: ६० आला तर ठीक, १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर भंगारातल्या गाडीतच राहिलाय.

ब्रेकचा स्विच आणि क्लचचा स्विचही जोडा. लोक ते फालतू म्हणून सोडतात. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले गेलेत असा समज झाला की ईसीयू इंजिनाचा गळा दाबतो, आणि नेमका चढावर.

मिठबावकर

वायरमन, धन्यवाद. डिझेलची टाकी जुनीच ठेवली तर?

वायरमन

नको हो! ते स्पॅनर१९ सांगतील, पण नको.

स्पॅनर१९

जुनी टाकी म्हणजे आत गंजाचा थर आणि तळाला पाणी. जूनमध्ये अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. जुना पंप ते पचवायचा. कॉमन रेलचा पंप १६०० बारपर्यंत दाब करतो आणि त्यातल्या फटी मायक्रॉनमधल्या. गंजाची पूड गेली की आधी पंप खरवडतो, मग ती धातूची पूड चारही नोझलांत जाते. सगळा संच बदलावा लागतो.

म्हणून नवी टाकी, नव्या लाइन, पाणी वेगळं करणारा फिल्टर, आणि रिटर्न लाइन मूळ मापापेक्षा बारीक नको. पावसाळ्यात दर आठवड्याला फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. बाटलीत धरून बघा, खाली पाण्याचा थेंब स्वच्छ वेगळा दिसतो.

आणि एक जिवावरची गोष्ट. हाय प्रेशर पाइप कुठे गळतोय ते हाताने चाचपू नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते, बाहेर टाचणीएवढंच भोक दिसतं आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. पाइप सैल करायचा तर इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा.

घाटउतार

सगळे चढायचं बोलतायत. उतरायचं कोण बोलणार? करूळ, फोंडा, आंबा, अणुस्कुरा, कोणताही घाट घ्या, भरली गाडी खाली आणताना इंजिनाची ताकद कामाची नाही, ब्रेकची आहे.

जुन्या पिकअपला चारही ड्रम, बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर एकाच खणाचा. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही गेले. इंजिनाबरोबर दोन खणांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर घालाच. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवेचा पडदा नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. बूस्टर व्हॅक्यूम पंपावरच चालतो. पंपाला ऑइल पुरवणारी आणि परत नेणारी नळी दोन्ही जोडलेल्या आहेत ना बघा. परतीची नळी चेपली तर पंप ऑइलने भरतो आणि पेडल दगडासारखं होतं. इंजिन बंद करून पेडल तीनदा दाबा, मग दाबून ठेवून इंजिन चालू करा: पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका.

४.२७ केल्यावर इंजिनाची रोक कमी होते, पाचवा भाग गेला असं धरा. म्हणून पूर्वी जो घाट तिसऱ्यात उतरायचा तो आता दुसऱ्यात. ड्रमचा वास यायला लागला की उशीर झालेला असतो.

खारीहवा

घाटउतार यांचा मुद्दा लाखमोलाचा. ब्रेकचे लोखंडी पाइपही बघा, क्लिपच्या खाली. क्लिपमध्ये खारट चिखल अडकतो आणि पाइप तिथेच आतून सडतो, बाहेरून रंग शाबूत असतो. तांबं-निकेलचे पाइप मिळाले तर सोन्याहून पिवळं.

रेडिएटरबद्दल कोणी लिहिलं नाही. घाटात गाडी २०-२५ ने चढते, समोरून वारा नाही, सगळा भार फॅनवर. फॅनभोवती आच्छादन हवंच, आणि पात्याची निम्मी रुंदी आच्छादनाच्या आत, निम्मी बाहेर. पूर्ण आत ढकललं तर हवा गोल गोल फिरते. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावलात तर मधल्या कडा फोमने बंद करा, नाहीतर हवा फटीतून पळते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारेपणा असतोच आणि अ‍ॅल्युमिनिअमचं हेड त्याने खाल्लं जातं.

कागदपत्र_पक्के

इतके दिवस वाचत होतो. आता नावडतं पण खरं सांगतो, कारण मिठबावकरांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलेल्या चौथ्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं: असा प्रत्येक बदल म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आरसीवर इंजिन क्रमांक, सीसी आणि इंधन असतं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं तर नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने वाट आहे. २११२ सीसीच्या जागी २५२३ सीसी कॉमन रेल हे त्यात बसत नाही. आणि तुमची पिकअप मालवाहू, म्हणजे आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. निरीक्षक इंजिन क्रमांक बघणारच. पासिंग झालं नाही, अपघात झाला, तर विमा कंपनी पहिलं बोट याच बदलावर ठेवेल.

सुटं इंजिन घेताना पक्कं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या भंगारनोंदीची प्रत, दोन्ही हवेत. क्रमांक घासलेलं इंजिन स्वस्तात मिळालं तरी हात लावू नका.

फोंडाघाट

मग एवढे लोक करतात ते?

कागदपत्र_पक्के

करतात, आणि बऱ्याच जणांची गाडी पासिंगला अडकून अंगणात उभी राहते. बागेच्या कुंपणाच्या आत चालवायची असेल तर गोष्ट वेगळी. फोंडा घाट कुंपणाच्या आत नाही. आधी कार्यालयात लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या, मग पैसे घाला.

मिठबावकर

मोजलं. फायरवॉल ते रेडिएटर जागा पुरेशी आहे, पण आता तो मुद्दाच दुय्यम झाला. चेसी ठोकून बघितली: मागचा आडवा मेंबर डावीकडे बद्द वाजतो, बाकी खणखणीत. आरटीओत लेखी अर्ज देतोय.

समजा नाही म्हणाले, तर २११२ चंच इंजिन ठेवून काय काय करता येईल?

कुडाळी_लेथ

बरंच. आरसीवर गिअरबॉक्स नसतो. पेजो (तुमच्या इंजिनाची मूळ फ्रेंच कंपनी) घराण्याच्याच इंजिनांना महिंद्राने पाच गिअरचा बीए १० बॉक्स लावलेला आहे, तो शोधा, बेलहाउसिंग आणि क्लचसकट. घेण्याआधी जाड पुठ्ठ्यावर तुमच्या इंजिनाच्या मागच्या तोंडाचा साचा काढा: बोल्टची भोकं, डॉवेल (जागा जुळवणाऱ्या खुंट्या), सेल्फची जागा, सगळं. साचा खिशात घेऊन बाजारात जा आणि बॉक्सवर ठेवून बघा. डॉवेल जुळले तर घ्या. कोल्हापूरला उद्यमनगरात स्पिगॉटचं बुश पाहिजे त्या मापाचं टर्न करून मिळतं.

आणि पासिंगला नेताना निरीक्षकांना बॉक्स बदललाय हे आपणहून सांगा.

स्पॅनर१९

लेथ भाऊंना पूर्ण अनुमोदन. इंजिनाचं हेड प्लेन, बोअर मापाने, नोझल प्रेशरवर तपासून, पंप बेंचवर कॅलिब्रेट. चढाला काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर आणि नोझल, मग पंपाचा स्क्रू. स्क्रू उघडून ताकद वाढत नाही, पिस्टन वितळतो.

घाटउतार यांचे ब्रेक आणि खारीहवा यांचं रेडिएटर तसंच्या तसं करा. इंजिन कुठलंही असलं तरी ते लागणारच आहे.

मिठबावकर

आणि ४.२७ ची जोडी? ती आरसीवर नाही, तर तीही टाकून घेऊ?

फोंडाघाट

नको! माझा आधीचा हिशेब १९५ न्यूटन मीटरच्या इंजिनासाठी होता. १२० च्या इंजिनाला ४.२७ दिली तर चाकावरची ओढ पाचव्या हिश्श्याने घटेल आणि भरली गाडी फोंड्याच्या वळणांवर पहिल्यातच अडकून राहील. तुम्ही ४३-८ ला हात लावू नका. घाटाला ५.३८ आणि सपाटीला पाचवा गिअर, म्हणजे ८० ला ३१८५ ऐवजी २५५०. बेअरिंग आणि सील तेवढे नवे घाला.

मिठबावकर

ठरलं. आधी मागचा मेंबर आणि ब्रेक, मग पुठ्ठ्याचा साचा. आंब्याच्या आधी जानेवारीत इंजिन उतरवतो. बीए १० चा बॉक्स कुठे धड अवस्थेत दिसला तर इथे कळवा, सेल्फच्या जागेचा फोटो टाकलात तर साच्याशी ताडून बघतो.

मालवणी_गजाल

मेंबर वेल्ड करूच्या आधी हौद्याखालची फट बंद करा, नायतर परत थयच कुजतला.